मामाजी, तुम्ही कुठपर्यंत ऐकलं?

मामाजी, तुम्ही कुठपर्यंत ऐकलं, एवढंच मला कळून घ्यायचं आहे. बाकी सगळं लोकांनी मला सांगितलं. वय झालं होतं, त्रास झाला नाही, पेपर वाचता वाचता गेले, असं मरण कोणाला येतं. मी सगळ्यांचं मान हलवून ऐकलं. पण त्या दुपारी भिंतीच्या अलीकडून मी जे बोलले त्यातलं किती तुमच्या कानात गेलं, हे कोणाला विचारू? घरात तेव्हा आपण दोघंच होतो.

तुम्हाला 'तुम्ही' असं लिहितानासुद्धा हात थांबतो. लग्न होऊन मोर्शीच्या या घरात आल्यापासून मी तुमच्याशी कधी बोलले नव्हते. सुनेनं सासऱ्यापुढे तोंड उघडायचं नाही, ही आपल्याकडची रीत. नांदगाव खंडेश्वरला माझ्या आईनंही ती पाळली. आणि मी तर मुळातच बुजरी. आईच्या भाजीच्या टोपलीमागे बसून बाजारात भाव सांगायचीही मला लाज वाटायची. तुम्ही ओसरीवर बसायचे, मी स्वयंपाकघरात. मधे मातीची एक भिंत, आणि भिंतीच्या दारात आत्याबाई, माझ्या सासूबाई. तुमचा शब्द न् शब्द मला ऐकू यायचा, माझा तुम्हाला. तरी तो आत्याबाईंच्या तोंडून गेल्याशिवाय पोचला असं धरायचं नाही.

पहिल्यांदा माझा निरोप तुमच्याकडे गेला तो चुकूनच. नवी नवरी होते. तुम्ही आणि आमचे हे जेवायला बसला होता. अमरावतीहून आठवड्याचा पेपर आला की जेवताना त्यातलं काहीतरी मुलाला विचारायचं, ही तुमची सवय मला तेव्हा ठाऊक नव्हती. तुम्ही विचारलं, "सांग बरं, लोकं इंग्रजी बोलतात पण राज्य इंग्रजाचं नाही, असा मोठा देश कोणता?"

हे म्हणाले, "विलायत."

"अबे, विलायत इंग्रजाचं नाही तं काय तुह्या मामाचं हाय?"

मी तव्यावर भाकर टाकत होते. तोंडातल्या तोंडात म्हणाले, अमेरिका. आत्याबाईंना वाटलं मी काही मागते आहे. "का म्हणते वं?" म्हणून त्या जवळ आल्या. मी पुन्हा सांगितलं. त्यांना काही उमगलं नाही, पण निरोप आहे एवढं कळलं. दाराकडे तोंड करून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "सून म्हणते, अमेरिका."

ओसरीवर घास थांबले. मग तुम्ही म्हणालात, "तिले विचारा, तिथं राजा कोण?"

"सून म्हणते, राजा नाही. चार-चार वर्षांनी माणूस बदलतात."

"आज तिच्या भाकरीवर तूप जास्त घाला," तुम्ही म्हणालात.

मला ते कुठून ठाऊक, हे तुम्ही कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. आता सांगते. आमच्या शाळेत बाईंजवळ पृथ्वीचा एक गोल होता. तो पुसण्याचं काम माझं. मुलींमध्ये खेळायला जायची लाज वाटायची, म्हणून मी तो गोल फार वेळ पुसत बसायची. बाई जाता-येता सांगायच्या, हे कॅनडा, हे न्यूझीलंड, इथं बर्फ, इथं मेंढ्या. चौथी झाली आणि शाळा सुटली. पण त्या गोलावर कुठला देश कुठल्या देशाच्या पाठीमागे आहे ते माझ्या बोटांना ठाऊक राहिलं.

त्या तुपाच्या दिवसापासून तुम्ही पेपर विसरायला लागलात. वाचून झाला की घडी करून स्वयंपाकघराच्या दाराजवळ भिंतीतल्या देवळीत ठेवायचा आणि निघून जायचं. आत्याबाई म्हणायच्या, "हा तुमचा कागद इथं ऱ्हायला." तुम्ही म्हणायचे, "असू द्या." तुमच्यासारखा चष्म्याचं फडकंही नेमक्या जागी ठेवणारा माणूस दर आठवड्याला पेपरच कसा विसरतो, हे आत्याबाईंनी कधी बोलून दाखवलं नाही. मी दुपारी वाचायची आणि जसा होता तसा घडी करून ठेवायची.

किती भांडलो आपण. ऑस्ट्रेलियाची राजधानी मी मेलबर्न म्हणायची, तुम्ही कॅनबेरा. "तिले सांगा, पेपरात छापून आलं हाय." "सून म्हणते, बाईनं सांगतलं होतं." "तिच्या बाईले सांगा, राजधानी हलली." कित्येक दिवस मी मानलं नाही. राजधानी काय संत्र्याची करंडी आहे, इकडून उचलली आणि तिकडे ठेवली? पण तुमचं खरं होतं. मी शाळेत होते तेव्हा मेलबर्नच होती, आणि मी चूल फुंकत होते तेवढ्यात त्यांनी ती हलवली होती.

एकदा तुम्ही यांना विचारलं, आपण कोणाचे? हे म्हणाले, इंग्रजाचे. मी आतून निरोप दिला, कागदावर आपलं वऱ्हाड निजामाचं आहे, इंग्रज नुसता चालवतो. तुम्ही मांडीवर थाप मारली. आमच्या ह्यांनी ताट सरकवलं. "मले काय ठाव, मी तं दिवसभर वावरात असतो." तेव्हा आत्याबाई पोळपाट बाजूला सारून म्हणाल्या, "निजामाचे असा का इंग्रजाचे असा, मी तुमच्या चुलीचीच हावो. जेवा आता."

सगळ्यांत मोठं भांडण पंचायतीचं. जिनिव्हाला सगळ्या देशांची एक सभा भरते, तिथं लढाई न करता बोलून तंटे मिटवायचे, हे तुम्हाला फार आवडायचं. तुम्ही स्वतः गावातल्या तंट्यांत पंच म्हणून बसायचे. पाण्याच्या पाळीवरून कुऱ्हाडी निघालेल्या तुम्ही बोलून परत ठेवायला लावल्या होत्या. म्हणून तुमचा विश्वास. माझा नव्हता.

"सून म्हणते, गावात पंचाचं ऐकतात, कारण सकाळी त्याच विहिरीवर जा लागते. देशाले कोणाच्या विहिरीवर जा लागते?"

"तिले सांगा, सारे देश एकमेकाच्याच विहिरीवर जातात. आपला कापूस कुठं जाते, विचारा तिले."

"कापूस कुठं जाते ते तिलेही ठाव हाय अन् मलेही. इथं भाजी करपून राहिली."

मी म्हणाले, ही पंचायत बसवा असं ज्या अमेरिकेच्या अध्यक्षानं सांगितलं ती अमेरिकाच तिथं बसत नाही. आत्याबाई निरोप देता देता थांबल्या. "म्हंजे? सोयरीक जुळवणारा लग्नालेच नाही आला?" तुम्ही हसता हसता ठसका लागून उठलात. तसं हसताना मी तुम्हाला पाहिलं नाही कधी, नुसतं ऐकलं.

आपल्या देशालाही तिथं खुर्ची आहे हे वाचून तुम्ही दोन दिवस खुशीत होता. मी निरोप पाठवला, खुर्चीवर बसतो कोण? इंग्रजांनी निवडलेला माणूस. तो बोलतो ते इंग्रजाचंच. तुम्ही म्हणालात, "तिले म्हणा, बसायले तं भेटलं." हे भांडण तिथंच राहिलं. तुम्ही पुन्हा काढलं नाही, मीही नाही.

आणि ते वर्ष, माझं मूल पोटातच गेलं ते. मी कोणाशीच बोलत नव्हते, आत्याबाईंशीसुद्धा नाही. हातपाय काम करायचे. तुम्ही तेव्हा रोज संध्याकाळी मोठ्यानं पेपर वाचायला लागलात. आठवड्याचाच पेपर, तोच तो पुन्हा पुन्हा. न्यूझीलंडमध्ये माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, आयर्लंडात बटाटा, लंडनला धुकं. प्रश्न एकही नाही. मी ऐकते की नाही हे तुम्हाला कळायला काही मार्ग नव्हता, तरी तुम्ही वाचत राहिलात. महिना तरी गेला असेल. एका संध्याकाळी तुम्ही वाचलं, "कॅनडाची राजधानी न्यूयॉर्क."

मी थांबले. तुम्ही पुन्हा वाचलं. "कॅनडाची राजधानी, न्यूयॉर्क."

तिसऱ्यांदा वाचलंत तेव्हा माझ्याच्यानं राहवेना. मी म्हणाले, "आत्याबाई, त्यायले सांगा, ओटावा."

आत्याबाईंनी दाराची चौकट धरली. रडत रडत त्या ओसरीकडे म्हणाल्या, "सून म्हणते, ओटावा."

"हो काय?" तुम्ही म्हणालात. "माह्या ध्यानात नव्हतं." आणि पेपराची घडी केलीत. ओटावा तुम्हाला माझ्याहून आधी ठाऊक होतं. एवढंही मी तुम्हाला सांगितलं नाही, की मला कळलं होतं.

आता ती दुपार.

आत्याबाई अकोल्याला गेल्या होत्या, नणंदबाईंचं बाळंतपण होतं. हे कपाशीच्या डवरणीला वावरात. त्यामुळे घर कित्येक दिवस मुकं होतं. तुम्हाला पाणी हवं असलं की तुम्ही खाकरायचे, मी तांब्या उंबऱ्यावर ठेवून आत व्हायची. पेपर आला होता. तुम्ही तो मोठ्यानं वाचत होता, ऐकणारं कोणी आहे असं न दाखवता. आफ्रिकेतल्या एका देशावर इटलीनं चाल केली, ते आपण महिनोन्‌महिने वाचतच होतो. देश गेला होता. आणि आता तिथला राजा स्वतः जिनिव्हाला जाऊन त्या पंचायतीपुढे उभा राहिला. तो बोलायला लागला तेव्हा वरच्या सज्जात बसलेल्या इटलीच्या काही लोकांनी शिट्ट्या मारल्या. तो थांबला. शिट्ट्या मारणाऱ्यांना बाहेर काढलं, मग तो त्याच्या स्वतःच्या भाषेत बोलला. सगळं बोलला. आणि मदत कोणी केली नाही.

तुम्ही पेपर वाचून थांबलात. मग म्हणालात, "काही कामाची नाही हे पंचायत. बोलला अन् बसला. काय भेटलं त्याले?"

तुमचा आवाज मला ओळखू आला नाही. इतकी वर्षं ज्या पंचायतीसाठी तुम्ही माझ्याशी भांडलात तिलाच तुम्ही टाकून बोलत होता. मी डाळ निवडत होते. हात सुपात तसाच राहिला. तुम्ही पुन्हा म्हणालात, "घरात कोणी बोलणारं नाही का?"

तो प्रश्न भिंतीला होता की मला, मला अजून कळत नाही. आत्याबाईंची वाट पाहावी असं एकदा मनात आलं. मग मी म्हणाले, "मामाजी."

तिकडे पेपर खाली ठेवल्याचा आवाज झाला. एवढं तुम्ही ऐकलं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मी म्हणाले, "मदत नाही भेटली, खरं हाय. पण तो स्वतः गेला. शिट्ट्या वाजल्या तं थांबला, पळाला नाही. अन् आपल्याच बोलीत बोलला. माहं म्हणणं तुमी सांगा, असं दुसऱ्याले नाही म्हणलं त्यानं. आपल्या देशाले खुर्ची हाय, पण आपण दुसऱ्याच्या तोंडानं बोलतो. त्याच्या पायाखाली जमीन नाही राहिली, तरी तोंड त्याचं हाय. मी त्या पंचायतीले नावं ठेवत होती मामाजी, पण ते नसती तं तो कुठं उभा राहिला असता? जगानं ऐकलं. मोर्शीत आपण ऐकलं. उद्या कोणी म्हणन का, आमाले कोणी सांगतलंच नव्हतं?"

आणखीही बोलले. काय काय बोलले ते आता नीट आठवत नाही. एवढं सलग मी आयुष्यात बोलले नव्हते. मधे एकदा मला 'हं' असं ऐकू आलं. तुमचं 'हं' होतं की बाजेची दोरी कुरकुरली, देव जाणे.

माझं संपलं आणि मी थांबले. तुम्ही उलट बोलण्याआधी नेहमी खाकरायचे. मी त्या खाकरण्याची वाट पाहत होते. ते आलं नाही. मला वाटलं, तुम्हाला उत्तर सुचत नाही. मामाजी, मला आनंद झाला. सुपातली डाळ पुन्हा निवडायला घेतली आणि मी एकटीच हसत होते. पहिल्यांदा तुमच्याशी बोलले आणि पहिल्यांदाच तुम्ही गप्प. आत्याबाई आल्या की हे कसं सांगायचं, तेही मी मनात जुळवत होते.

मग ओसरीवर एक माशी भुणभुणायला लागली, ती कोणी हाकलत नव्हतं. मी पदर ओढून दाराशी आले. तुम्ही बाजेवर खांबाला टेकून बसला होता. चष्मा डोळ्यांवर, पेपर मांडीवर. माशी चष्म्याच्या काचेवर बसली होती.

मी पुन्हा मामाजी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. मग तशीच, डोक्यावर पदर नाही, पायात काही नाही, वावराकडे धावत सुटले. वाटेत मला माणसं बघत होती आणि मला त्यांची लाज वाटली नाही, एवढंच आठवतं.

हे मला अजून खरं वाटत नाही. स्वयंपाक करताना कान भिंतीकडे असतात. परवा शेजारच्या ओसरीत कोणी खाकरलं, तर माझ्या हातून डाव पडला. इतका चालता-बोलता माणूस माझ्या एका बोलण्याएवढ्या वेळात जातो कसा? आमच्या ह्यांनी विचारलं, "जाताना बाबा काही बोलले का?" मी नाही म्हणाले. ते खोटं नव्हतं. मी काही बोलले का, हे कोणी विचारलंच नाही.

आत्याबाई तार मिळताच अकोल्याहून निघाल्या. रात्रभर प्रवास करून दुसऱ्या दिवशी पोचल्या. तुमच्या पायांवर डोकं ठेवलं आणि नंतर कित्येक दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत. तेरावं झालं, पाहुणे गेले. काल सकाळी आम्ही दोघी चुलीपाशी होतो. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तू तवा घरातच होती ना?"

"हो."

"मंग?"

मी सगळं सांगितलं. पेपर, राजा, शिट्ट्या, तुम्ही काय म्हणालात, मी काय म्हणाले. सांगताना माझा आवाज चोरासारखा येत होता. सासऱ्याशी बोलले म्हणून त्या रागावतील, किंवा माझ्या बोलण्यानंच तुम्हाला काही झालं असं म्हणतील, याची मी तयारी ठेवली होती. दुसऱ्याच्या तोंडानं बोलण्याच्या गोष्टीशी मी आले तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"मंग तू इतके वर्सं माह्या तोंडानं कायले बोलत होती?"

मी परातीतलं पीठ मळत राहिले.

"अन् तेही," त्या म्हणाल्या. "दोघंही. मी भाजी पाहू का कॅनडा पाहू?" मग चुलीतलं लाकूड त्यांनी मागे ओढलं, पुन्हा पुढे सारलं. "तू पाह्यलं तवा तोंड कसं होतं त्याइचं? मिटेल का उघडं?"

"उघडं होतं."

"मंग ऐकलं त्याइनं. पुरं ऐकलं. उलटं बोलाले उघडलं असन."

मामाजी, ते खरं आहे का ते मला ठाऊक नाही. आत्याबाईंनाही नसेल. पण त्यांनी ते इतकं साधेपणानं सांगितलं, भाकरीचं पीठ संपलं असं सांगावं तसं, की मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग त्या म्हणाल्या, "तो राजा."

"कोण राजा?"

"तोच, शिट्ट्यावाला. त्याले बायको होती का? तो तिथं एकटा उभा होता तवा ते कुठं होती?"

पेपरात ते लिहिलेलं नव्हतं. तुम्ही ते विचारलं नव्हतं, माझ्याही मनात आलं नव्हतं. मला ठाऊक नाही, असं मी त्यांना सांगितलं.

"पाह्य मंग कुठं लिहेल हाय का," आत्याबाई म्हणाल्या. "अन् मले येऊन सांग."